पाच पेढ्या आणि एक थैली

श्री. दोन्ही पारडी ज्याच्या नजरेस सारखी, त्यास नमन करून हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पंचमीस पाचव्या पेढीत एका थैलीचे वजन नऊशे ब्याऐंशी तोळे, तीन मासे, पाच गुंजा भरले. थैलीत हजार रुपये होते. रुपये हातोहात झिजतात, कोणता जास्त कोणता कमी, म्हणून दोन थैल्या गुंजेपर्यंत सहसा जुळत नाहीत. आणि हेच वजन सरकारी खजिन्याच्या पोतनीस दर्याबाई यांनी प्रतिपदेस पहिल्या पेढीत आणि तृतीयेस तिसऱ्या पेढीत टिपले होते.

मग बाईंनी साऱ्या वह्या काढिल्या. त्या दौलतीत पाच सावकारी पेढ्या होत्या आणि रयतेची सारी ठेव त्यांजकडे असे. आणि दर महिन्यास पेढ्यांनी ताळेबंद लिहून द्यावे, आणि पोतनिसांनी वाजतगाजत जाऊन रोज एक पेढी मोजावी, विडा घ्यावा आणि शिक्का करावा, ऐसा तीन पिढ्यांचा परिपाठ. कोणत्या दिवशी कोणती पेढी, हे पानवाल्यासही ठाऊक. बाई मोजीत आणि तोलीतही, आणि तोल कशास लिहिता म्हणोन कोणी पुसत नसे. आता वह्या जुळविल्या तो साठ थैल्या पाचही पेढ्यांत त्याच निघाल्या. म्हणजे साठ हजार रुपये शहरात फिरत होते आणि ताळेबंदांत तीन लाख दिसत होते. आणि दशमीस दोन हजार शिपायांचा वर्षाचा पगार याच पेढ्यांत ठेवावयाचा होता. बाईंचा शिक्का पडला की पगाराचे उंट निघणार.

षष्ठीस सकाळी बाई दिवाण मोरो विश्वनाथ यांच्या सदरेस गेल्या. पाचही पेढ्या एका घटकेस मोजाव्या, हा त्यांचा अर्ज सहा वर्षे तेथेच पडून होता. कारण पहिल्या पेढीचे केसोशेट हे दिवाणांचे व्याही. तेही पान लावीत बसले होते. वजनांचा कागद पाहून केसोशेट हसले आणि म्हणाले, "बाईसाहेब, रुपये मोजायचे असतात. डाळीसारखे तोलायचे नसतात."

"शेटजी, डाळ एका घरची दुसऱ्या घरी गेली तर ओळखू येत नाही. तुमची थैली येते."

"अहो, एकमेकांस उसने दिले घेतले. शेजारधर्म आहे."

"मग एका पेढीवर लोक ठेव मागायला आले, तर ती शेजारणीकडे जाईल, शेजारीण तिसरीकडे. पाचवी कोणाकडे जाईल?"

दिवाण कागदाकडे पाहात राहिले आणि म्हणाले, "दर्याबाई, पुढल्या महिन्यास पाहू. आज शिक्का करावा."

मग बाईंनी कमरेचा शिक्का सोडिला आणि दिवाणांपुढे ठेविला आणि म्हणाल्या, "आपण करावा, पंत. शिपाई पगार मागायला येतील तेव्हा कोणाचा शिक्का, एवढे त्यांना सांगता आले म्हणजे झाले."

दिवाणांनी शिक्का उचलिला. शाईपर्यंत नेला. मग व्याह्यांस पुसिले, "शेटजी, आत्ता या घटकेस तुमच्या पेढीत थैल्या किती?"

"आमची मोजणी तर प्रतिपदेस झाली."

"आत्ताचे विचारतो."

केसोशेटांनी पानास चुना पुन्हा लाविला. "पाहून सांगावे लागेल," म्हणाले, आणि उठो लागले.

सारांश, पाच ताळेबंद निरनिराळे पाहिले तर खरे, एकत्र पाहिले तर खोटे, आणि एकत्र पाहण्यास हुकूम पाहिजे होता. तो सहा वर्षे अडला, आणि षष्ठीस दिवाण मोरो विश्वनाथ सदरेवर उभे राहून बोलिले तो येणेप्रमाणे: "बसा, शेटजी, तुम्ही कोठे जात नाही. वेशी लावा. पाच कारकून, पाच काटे, पाचही पेढ्या, आत्ताच्या आत्ता."