चंद्रा मॅडमचं नाक

चंद्रा मॅडम कुणाला नमस्कार करत नाहीत, हात ओढून हुंगतात. आमच्या नर्सिंग कॉलेजच्या पोरी प्राचार्यांना भीत नाहीत, त्या नाकाला भितात.

मॅडम थळच्या कोळणीची लेक. हॉस्पिटलात आलेल्या रोग्याला आपल्या हातून नवा रोग लागू नये, हा धडा त्या मांदेलीवर शिकवतात. पोरींनी मांदेली साफ करायची, हात धुवायचे आणि मॅडमपुढे धरायचे. "मासळीचा वास जात न्हाय, तर जंतू जातील व्हय? अंगठा कोन धुनार, तुझा बापूस?" मी त्यांच्या हाताखाली शिकवते, आणि अंगठ्यावरून अजून बोलणी खाते.

राग सदा नाकावर. साबण संपलेला दिसला की स्टोअरकीपरची खैर नाही. खाटेवर बसून कालवण भरवणारे नातेवाईक तर त्यांची चाहूल लागताच डबे झाकून उठतात.

गेल्या महिन्यात सर्जनसाहेब एका बाईची जखम बघून तसेच शेजारच्या खाटेकडे वळले. मॅडमनी सगळ्या पोरींसमोर त्यांचा हात धरून हुंगला. "धुवून या." साहेबांनी तक्रार केली. वरून निरोप आला, माफी मागा, नाहीतर वॉर्डात पाऊल टाकू नका.

माझं डोकंच फिरलं. हात साहेबांनी धुवायचे नाहीत आणि माफी मॅडमनी मागायची! तणतणत स्टाफरूममध्ये गेले, तर मॅडम शांतपणे जेवत होत्या आणि खोलीभर आंबूस घाण सुटली होती.

"मॅडम, कालवण आंबलंय! वास नाही आला?"

घास हातातच राहिला. "कोरोनात नाक गेलं, ते आलंच न्हाय. कोनाला बोलू नको गो."

"मग साहेबांचा हात?"

"कोरडा ठनठनीत व्हता. नुकताच धुतलेला हात गार लागतो. पन मानसं नाकाला घाबरतात, म्हनून हुंगते."

"आणि माफी?"

"मेले तरी न्हाय! माझी आय अशाच हातांनी गेली. टाके पिकले तिचे. वॉर्ड बंद केला तर दाराशी उभी राहीन, येईल त्याचा हात धरीन." मग आवाज उतरला. "सांजच्याला घरी ये. काम हाय."

संध्याकाळी गेले. घरात त्या एकट्याच. ट्रंकेतून त्यांनी आईचं लुगडं काढलं. मी हात पुढे केला.

"हात धुतलेस?" मॅडम कडाडल्या.

मी मोरीत जाऊन हात धुतले, अंगठ्यासकट.

"आता हुंग. तिच्या मासळीचा वास हाय का अजून? मला कळत न्हाय गो."

लुगड्याला नुसता डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"आहे," मी म्हटलं.

मॅडमनी लुगडं माझ्याकडून घेतलं आणि नाकाशी धरून बराच वेळ बसून राहिल्या.