शिरोडे सर आणि आईच्या गोळ्या

शिरोडे सरांना टोपणनावांचा भयंकर राग होता. पहिल्या भेटीत मी म्हणालो, "सर, मी पिंट्या. सातपूरहून आलोय." ते चालता चालता थांबले.

"पिंट्या हे ब्रँडनेम झालं. आत काय आहे?"

"प्रमोद."

"हां. प्रमोद. आता कळलं, काय घेतोय ते."

आमच्या बिल्डिंगमधल्या बंडू, नानी, छकुली या सगळ्यांना त्यांनी पुढं हाच प्रश्न विचारला. छकुलीच्या आत शकुंतला निघाली तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. सर मूळचे सटाण्याकडचे. एरवी स्वच्छ नाशिकची मराठी बोलायचे, पण चिडले की अहिराणी उसळायची. "आतमा काय शे?" असं कानावर आलं की समजायचं, आज खैर नाही.

ते एका लहानशा औषध कंपनीचे एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणारे प्रतिनिधी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बीएस्सी होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो. वडील सातपूरच्या कारखान्यात शिफ्टला जायचे, आणि माझ्या एकेका इंटरव्ह्यूनंतर घरात कुणी काही विचारायचं नाही, तेच जास्त टोचायचं. कुणीतरी म्हणालं, शिरोडेंकडं जा, ते रविवारी होतकरू एमआर पोरांना शिकवतात.

शिकवायचे, पण चालत. अशोकस्तंभावरून निघायचं, रविवार कारंज्याला वळसा, तिथून पार गोदाकाठ, आणि परत. मी वही धरून मागं पळायचो. "बसून शिकलो तर नाही का चालणार सर?" असं एकदा विचारलं.

"डॉक्टर बसतो, पेशंट बसतो, पेशंटचा मेव्हणासुद्धा बसतो. एमआर उभा असतो. आत्तापासून सवय कर. बरं, गोळी गिळली. पुढं?"

"पोटात गेली."

"पुढं?"

"रक्तात."

"मध्ये लिव्हर सोडलंस! जकात नाका आहे तो. तिथं न थांबता कोण जातं? आणि अर्धायुष्य म्हणजे काय?"

"पन्नाशी?"

एका भाजीवालीसमोर त्यांनी कपाळावर हात मारला. रक्तातलं औषध निम्मं व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढं त्याचं अर्धायुष्य, हे त्यांनी मला तिच्याच कोथिंबिरीच्या जुड्या निम्म्या करत समजावलं. ती आधी ओरडली, मग तिनंही लक्ष देऊन ऐकलं.

गुरुवारी त्यांचा कळवणचा दौरा असायचा. एकदा मला घेऊन गेले. एसटीतसुद्धा दांड्याला धरून उभेच. डॉक्टरांसमोर गेले आणि आपल्या कंपनीच्या गोळीबद्दल पहिलं वाक्य बोलले, "साहेब, अल्सरवाल्याला ही देऊ नका." डॉक्टर हसले. म्हणाले, "शिरोडे, तुम्ही विकायला आलाय की अडवायला?" बाहेर आल्यावर मी म्हणालो, सर, गुण आधी सांगायचे ना. तर म्हणाले, "गुण पाकिटावर छापलेले असतात. दोष तोंडानं सांगावे लागतात." या पद्धतीमुळं त्यांचं प्रमोशन कधीच झालं नाही. घरी एकटेच असत. लग्न झालं नव्हतं की झालेलं मोडलं होतं, कुणाला माहीत नव्हतं. विचारलं तर ते एखाद्या औषधाचा डोस सांगू लागत.

एका रविवारी मला झोप लागून गेली. सर अशोकस्तंभावर वाट बघून बघून थेट आमच्या घरी आले. जिना चढतानाच ओरडत होते. दार आईनं उघडलं आणि चौकट धरून तशीच उभी राहिली.

"ताई, काय होतंय?"

"काही नाही हो. महिनाभर अशीच चक्कर येते. उठलं की डोळ्यांपुढं अंधार."

सरांचं ओरडणं थांबलं. त्यांनी आईला खुर्चीवर बसवलं आणि घड्याळ बघत तिची नाडी धरली. पूर्ण एक मिनिट ते हलले नाहीत. हे मी प्रथमच पाहिलं.

"बेचाळीस," ते म्हणाले. "गोळ्या दाखवा."

आईनं श्रीखंडाचा जुना डबा आणला. सरांनी चष्मा कपाळावर चढवून दोन पाकिटं डोळ्यांजवळ धरली.

"ही कुणी दिली?"

"आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांनी. बीपीची आहे."

"आणि ही?"

"छाती धडधडायची ना, म्हणून भावानं सिन्नरला दाखवलं. त्या डॉक्टरांनी."

"आधीची गोळी चालू आहे, हे त्यांना सांगितलं होतं?"

"सांगितलं की! म्हटलं, पांढरी, छोटी गोळी चालू आहे."

सरांनी पाकिटं माझ्यापुढं धरली. वर दोन वेगळी नावं. खाली बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच, अटेनोलॉल. आई महिनाभर एकच औषध दुप्पट घेत होती. त्याचे सगळे दुष्परिणाम मला तोंडपाठ होते. नाडी मंद होते, चक्कर येते, सगळं. आदल्याच आठवड्यात म्हणून दाखवलं होतं. आईचा डबा मात्र कधी उघडला नव्हता.

"मग यातली एक बंद करू का?" आईनं विचारलं.

"मी सांगायचं नाही आणि तुम्ही ठरवायचं नाही. ही गोळी मनानं एकदम बंद करणंही वाईट. डॉक्टरांकडं चला, आत्ता." रिक्षा करून ते आम्हाला घेऊन गेले. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि स्वतःच्या देखरेखीखाली डोस कमी केला. आठवड्यानं आई चौकट न धरता चालू लागली. सर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढं मला नोकरी लागली, ती जळगावला. सर दर रविवारी दहाला आईचा डबा तपासायला जातात, असं पत्रातून कळायचं, नंतर फोनवर.

दहाएक वर्षं गेली. सर निवृत्त झाले. कंपन्या पोरांना स्वतःच शिकवू लागल्या, त्यामुळं रविवारी त्यांच्यामागं पळायला कुणी उरलं नाही. अशाच एका रविवारी मी घरी होतो. सकाळी आई शेजारच्या सोनवणेकाकूंकडून एक पाकीट घेऊन आली आणि डब्यात टाकलं. साखरेच्या गोळ्या होत्या.

"तुला साखर कधी झाली?"

"मला कशाला होतेय? तुझे सर यायचेत." ती ओशाळली. "अरे, माझी आता एकच गोळी राहिलीय. ती बघायला कितीसा वेळ लागतो? बघतात आणि चहासुद्धा न घेता जिना उतरतात. घरी जाऊन करतात काय रे ते?"

दहाला सर आले. पाकीट उजेडाला धरून खोलीभर फेऱ्या मारत त्यांनी सगळं समजावलं. जेवणासोबतच घ्यायची, उपास करायचा नाही, पाय रोज बघायचे. आई मान हलवत होती, नवेनवे प्रश्न काढत होती. दोनदा चहा झाला. सर तासभर थांबले.

मी त्यांना स्कूटरपर्यंत सोडायला खाली गेलो. किक मारायच्या आधी ते म्हणाले, "ते पाकीट सोनवणेताईंचं आहे."

मी जिन्याकडं बघितलं.

"दोन वर्षं बघतोय. पण हल्ली इथं पाकीट येतं तेव्हा त्यांची सकाळची गोळी राहते, मोजल्या मी. त्यांनी नाश्ता करून, गोळी घेऊन मग पाकीट द्यायला हवं." ते आरशात बघत राहिले. "आईंना सांग, पुढच्या रविवारपासून सर साडेदहाला येतील. का, ते सांगू नकोस."

मी वर आलो. आई पाकीट परत द्यायला निघाली होती.

"काय म्हणत होते?"

"आता साडेदहाला येणार आहेत."

"बरं झालं," आई म्हणाली, "पोह्यांना वेळ मिळेल."