तात्यांचा बंदोबस्त
क्षितिजाला एमएस्सीचा प्रबंध गुरुत्वीय लहरींवरच करायचा होता, आणि संस्थेत जागा होती एक. उमेदवार अकरा! निवडीसाठी प्रत्येकाला कंपनं टिपून नोंद थेट संस्थेत पाठवणारा छोटा सेन्सर मिळाला होता. घरातली दोन तासांची कंपनं नोंदवायची आणि कुठला हादरा कशाचा, ते ओळखायचं.

आता घोडपदेवच्या लाकडी चाळीत वाढलेल्या पोरीला याहून सोपा पेपर कुठला? मिक्सर, धुणं, कॅरम, सगळं तोंडपाठ. सकाळी दहाला तिने सेन्सर गॅलरीत ठेवला आणि आजोबांना घाईघाईत सांगितलं, "तात्या, याला कुणी हात लावू नका. दूरच्या ताऱ्यांची टक्कर होते ना, तिची थरथर पकडायची असते. पण इथल्या आवाजांत ती बुडून जाते." आणि ती कॉलेजला पळाली.

तात्या गोदीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अर्धवट ऐकायचं आणि अंमलबजावणी मात्र पूर्ण करायची, ही जुनी खोड.

"आनंदीबाई, मिक्सर बंद!" त्यांनी शेजारणीच्या दारातून फर्मावलं.

"अहो, वाटप राहिलंय माझं. बांगडे खोळंबलेत."

"खोळंबू देत! पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

झालं! पाण्यावरून रोज भांडणारी चाळ चक्क एक झाली. कॅरम गुंडाळला गेला, धुणी भिजत पडली, खालच्या मजल्यावरच्या जगदीशने ड्रिल खाली ठेवलं. वरच्या मजल्यावरची शैला तर तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी गेली. माहेर समोरच्याच चाळीत, पण गेली.

बाराला क्षितिजा परतली. सगळी चाळ गॅलरीत चिडीचूप बसलेली.

"कोण गेलं?" तिने जिन्यातूनच विचारलं.

"कुणी नाय गो," आनंदीबाई कुजबुजल्या. "तुझ्यासाठीच गप बसलोय."

तिने लॅपटॉप उघडला. रेषा जवळजवळ सपाट.

"तात्या, मला आवाजच हवे होते हो! आता ओळखू काय, डोंबल?" ती रडकुंडीला आली, आणि तेवढ्यात संस्थेच्या रघुवीर सरांचा व्हिडिओ कॉल आला. तात्या लगेच पुन्हा बाहेर पहाऱ्यावर गेले.

"मुंबईतून इतकी शांत नोंद?" सर पुढे वाकले. "फक्त दर पन्नास सेकंदांनी हे दणके येतायत. कशाचे आहेत?"

क्षितिजा एकेक आवाज आठवू लागली. कॅरम नाही, धुणं नाही. बाहेर फळ्या करकरल्या. तोंडावर बोट ठेवून तात्या गॅलरीत फेरी घालत होते, सेन्सरपाशी वळून परत जात होते.

"सर... ते माझे आजोबा. चाळ शांत ठेवतायत."

सर खदखदून हसले. "अगं, आमचंही हेच रडगाणं आहे! लहरी पकडणाऱ्या उपकरणातले आरसे स्थिर ठेवायला जी यंत्रणा बसवलीय, तीच त्यांना हलवते. त्यावरच प्रबंध करायला विद्यार्थी हवाय मला. सोमवारपासून येशील?"

क्षितिजा किंचाळलीच! तात्या धावत आत आले. "शूऽऽ!"

"तात्या, मिळाली जागा! तुमच्यामुळे! अख्ख्या नोंदीत दणके फक्त तुमच्या फेऱ्यांचे!"

तात्यांना आनंद तर झाला, पण चेहरा जरा पडला. ते बाहेर गॅलरीत आले.

"म्हणजे या चाळीत सगळ्यात जास्त आवाज माझा?"

दोन तास तोंड दाबून बसलेले तिन्ही मजले एकदम ओरडले, "होऽऽऽ!"