पावणेतीन तासांवरची लेक

परचुरेकाकांना अंतर किलोमीटरमध्ये सांगितलेलं चालत नाही. ते सगळं काठमांडूवर मोजतात. मला उशीर झाला की दारातच विचारतात, "सुमनबाई, मोहन्याहूनच आलात ना? एवढ्यात माणूस मुंबईहून काठमांडूला पोचतो. पावणेतीन तास!"

रोज मोहन्याहून लोकलनं येऊन नौपाड्यात त्यांच्याकडे मी पोळ्या करते. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच. मुलगी मृणाल लग्न करून काठमांडूला गेली. काका स्वतः विमानात कधी बसलेले नाहीत. इथल्या इथे कोलशेतला भाच्याच्या मुंजीलासुद्धा गेले नाहीत. "रिक्षात तास मोडतो. तेवढ्यात मी भोपाळ ओलांडलं असतं," म्हणाले आणि खुर्चीतच बसून राहिले.

स्वयंपाकघरातलं घड्याळ पाव तास पुढे. एकदा मी स्टुलावर चढून ते बरोबर केलं, तर केवढे चिडले! "अहो, ती नेपाळची वेळ आहे!" त्या घड्याळाकडे बघूनच ते जेवायला बसतात.

खालचे जोगळेकर त्यांना जिन्यात गाठतात. "काय परचुरे, उडालं का विमान?"

"जवळच तर आहे. कधीही जाईन."

"विमानतळावर तीन तास आधी जावं लागतं. ते धरलंत का?"

"ते प्रवासात धरत नाहीत," काका म्हणतात.

मध्यंतरी मृणालनं तिकीटच पाठवलं. परतीचं आठवड्यानंतरचं. काका काही खूश दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा नको, पाणी नको. मला वाटलं, रक्त तपासायचं असेल. ओठ सुकले तरी तेच.

"काका, उपास आहे का?"

"सराव करतोय. परतीचं बदलून घेणार. सकाळी जायचं, तिला भेटायचं, संध्याकाळी परत. तेवढं पाण्यावाचून निभलं पाहिजे."

मग उलगडलं. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. काकूंनी मरेपर्यंत पाळली. मृणालच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही.

"मग बाटली न्या की बरोबर," मी म्हटलं.

"तिच्यासमोर स्वतःची बाटली काढू? पोरीला वाटेल, मूल नाही याची आठवण करून द्यायला बाप एवढ्या लांबून आला."

लांबून! काठमांडूला लांब म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

तरी गेले. संध्याकाळी काही परतले नाहीत. आले ते आठवड्यानं, गालावर जरा मांस चढवून. मी कणीक मळत होते. विचारायचा धीर होईना, शेवटी विचारलंच, "काका, पाण्याचं काय केलंत?"

ते ओट्याला टेकले. "दारातच सीलबंद बाटली घेऊन उभी होती. म्हणाली, बाबा, दुकानातली आहे, घरची नाही. आठवड्याच्या बाटल्या माझ्या खोलीत रचून ठेवलेल्या. डबासुद्धा बाहेरून सांगितलेला."

"मग?"

"मी म्हटलं, ती ठेव बाजूला. तुझ्या स्वयंपाकघरातलं दे."

"दिलं?"

"दिलं. दोन पेले प्यालो. पुरे म्हटलं, तरी तांब्या घेऊन तिथेच उभी."