जिलेबीच्या भांडणाची वर्गवारी

आमच्या तालुक्यात भांडण घरी ठेवता येत नाही. ते कचेरीमागच्या अभिलेख कक्षात जमा करावं लागतं. मी तिथला अभिलेखपाल, पोतनीस. लोक येतात, आपलं भांडण मागून घेतात, समोरच्या बाकावर बसून भांडतात आणि कक्ष बंद व्हायच्या आत पुन्हा लाल रुमालात बांधून परत करतात. बाहेर न्यायचं नाही म्हणजे नाही. एका गृहस्थांनी धाकट्या भावाबरोबरचं भांडण गुपचूप पिशवीत घालून नेलं, तर ते एसटीत सुटलं आणि कंडक्टरपासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना लागलं. तेव्हापासून मी दारात पिशव्या तपासतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

वर्गवारीच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. शेताच्या बांधावरची भांडणं 'अ' वर्गात, म्हणजे कायमची. नळ, जिना आणि पार्किंग 'ब' वर्गात, तीस वर्षं. लग्नातले रुसवे आणि मानपान 'क' वर्गात, दहा वर्षं. क्रिकेट आणि राजकारण 'ड'. ती आम्ही दर मार्चअखेर जाळतो आणि एप्रिलात तेवढीच पुन्हा येतात. सासवा-सुनांना स्वतंत्र दालन आहे. जीव खाल्लाय तो नवरा-बायकांनी. यांचं भांडण ओल्या टॉवेलवरून सुरू होतं आणि आतेसासूच्या मुलाच्या बारशापर्यंत जाऊन पोचतं. आता हे ठेवायचं कुठे, सांगा बरं! शेवटी मी ठरवलं, ज्यावरून सुरू झालं तिथेच ठेवायचं. त्यामुळे 'टॉवेल' या कपाटाचं दार आता लागत नाही.

'क' वर्गात कौसल्याबाई ढमढेरे आणि इंदुमतीबाई जगदाळे या विहिणींचं भांडण होतं. कौसल्याबाई मुलाच्या आई, इंदुमतीबाई मुलीच्या. लग्नात शेवटच्या पंगतीला जिलेबी पोचली नव्हती. कौसल्याबाईंचं म्हणणं, ती मुद्दाम कमी केली. इंदुमतीबाईंचं म्हणणं, वऱ्हाडच सांगितल्याच्या दुप्पट आलं. पुढे ती जोडी मेलबर्नला गेली आणि तिथलीच झाली. दोघींचे यजमानही मागेपुढे वारले. पण दर बाजाराच्या दिवशी दोघी गावाच्या दोन टोकांहून यायच्या, रुमाल सोडून घ्यायच्या आणि जिलेबीवरून मनसोक्त भांडायच्या. मध्येच पाणी प्यायच्या. निघताना रुमालाची गाठ दोघी मिळून मारायच्या, कारण इंदुमतीबाईंच्या बोटांत आता जोर राहिला नव्हता.

दहा वर्षं भरली तशी मी नोटीस काढली. सदर भांडण मुदत संपल्याने नष्ट करण्यात येईल.

दुसऱ्याच दिवशी दोघी एका रिक्षातून आल्या.

"पोतनीस, हे काय मांडलंय?" कौसल्याबाईंनी नोटीस माझ्या टेबलावर आपटली.

"मुदत संपली, मावशी. नियम आहे."

"अहो, पण आमचं अजून मिटलेलं नाही!"

"नसेल. पण 'क' वर्ग म्हणजे दहा वर्षं. मिटो की न मिटो."

इंदुमतीबाई बाकावर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मग आम्ही भेटायचं कशाला?"

"भेटा की सहज."

दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. "सहज?" कौसल्याबाई म्हणाल्या. "वरमाईनं सहज उठून सुनेच्या माहेरी जायचं? आणि जाऊन सांगायचं काय? घर खायला उठतं म्हणून आले, असं?"

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटण्याला नियमात जागा नाही. वर्ग बदलायला मात्र आहे. भांडण जिवंत असल्याचा दाखला मिळाला तर 'क'चं 'ब' करता येतं. पेन्शनवाले दर वर्षी हयातीचा दाखला देतात, तसाच. दोन्ही पक्षांनी माझ्यासमोर भांडायचं आणि शेवटी मी रुमालाला हात लावून बघायचा. जिवंत भांडण गरम लागतं.

"'ब' केलं की किती वर्षं मिळतील?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"तीस."

"अगं बाई! एवढं कोण जगतंय?"

"तुम्ही नाही, मावशी. भांडण."

तारीख पुढच्या आठवड्याची दिली. तोवर दोघी जोमाने तयारीला लागल्या. सहज जायचं नव्हतं, पण कामासाठी जायला हरकत नव्हती. रोज दुपारी त्या विठ्ठल मंदिराच्या ओट्यावर बसायच्या. एकीला टोमणा आठवला नाही की दुसरी आठवण करून द्यायची. "तुम्ही तेव्हा माझ्या भावाला हावरट म्हणाला होतात, ते घ्या ना," असं कौसल्याबाई स्वतः सांगताना मी ऐकलं. मनात म्हटलं, लक्षण काही ठीक नाही.

तपासणीच्या दिवशी रुमाल सोडला तेव्हाच तो जेमतेम कोमट होता. कौसल्याबाईंनी पदर खोचला आणि सुरुवात केली. "आमची पंगत काय भिकाऱ्यांची होती? पानात मीठ-लिंबू आणि जिलेबीच्या नावानं शंख?" छान केलं त्यांनी. रुमाल जरा तापलाही.

मग इंदुमतीबाईंची पाळी आली. "नाही हो विहीणबाई. जिलेबी आम्ही कमीच केली होती. ह्यांनी आचाऱ्याला सांगितलेलं मी कानांनी ऐकलं होतं. आठवडाभर तुम्ही माझे मुद्दे माझ्याकडून घोकून घेतलेत. आता तुमच्या तोंडावर खोटं नाही बोलवत."

रुमाल गारठला. मी शेरा लिहायला पेन उचललं.

"थांबा!" कौसल्याबाई ओरडल्या. मग विहिणीकडे वळल्या. "कबूल काय करताय? घ्या परत!"

"नाही घेत. चूक आमची होती."

"मुळीच नव्हती! आमची माणसं जास्त आली होती. मीच माहेरचं अख्खं गाव बोलावलं होतं!"

"ते काही का असेना, जिलेबी आम्ही कमी केली."

"मी म्हणते ना, नाही केली! आणि केली असेल तर इतकी वर्षं मी घसा फोडत होते, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का इथे?" इंदुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. कौसल्याबाईंनी त्यांच्या हातात आपला रुमाल कोंबला आणि म्हणाल्या, "रडताय काय? उत्तर द्या!"

मी टेबलावरच्या लाल रुमालाला हात लावला. चटका बसला.

आता आली का पंचाईत! जिलेबीचं भांडण मेलं होतं, ते मी रीतसर नष्ट केलं. पण हे नवीन. मी वर्गवारीची पुस्तिका उघडली. दोन्ही पक्ष चूक स्वतःकडे ओढतायत, असं एकही शीर्षक नाही. मी पक्षकारांना विचारलं. कौसल्याबाई म्हणाल्या, 'लग्नकार्य'. इंदुमतीबाई म्हणाल्या, छे, लग्नाचा काय संबंध, हे आजचं आहे. आणि दोन्ही पक्षांची संमती असल्याशिवाय वर्ग देता येत नाही.

"वर्ग नाही मिळाला तर?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"तर मुदत ठरत नाही. मुदत ठरली नाही, तर नष्ट करता येत नाही. एकमत होईपर्यंत दोघींनी रोज सुनावणीला यायचं."

"रोज?" इंदुमतीबाईंनी डोळे पुसले.

"रोज."

"मग एकमत होणार नाही," कौसल्याबाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. भांडण कुठल्याच कपाटात बसत नसल्यामुळे माझ्या टेबलावरच राहिलं. थंडीत बरं पडतं, मी त्यावर हात शेकतो. दोघी सकाळी येतात, शीर्षकावरून वाद घालतात आणि दुपारी डबा उघडतात. आता माझ्यासाठीही पोळ्या आणतात. काल भरल्या वांग्यात मीठ अजिबात नव्हतं. मी मुकाट्याने जेवलो. टेबलावर आणखी एक रुमाल ठेवायला जागा नाही.