अन्सेल्मो कारकामो यांची टेकडीवरील स्वारी

सकळ वाचकांनी सावध चित्ते ऐकावे. वाल्पाराईसो बंदरी अन्सेल्मो कारकामो नामे निवृत्त क्रेनवाले, जबर असामी. बिऱ्हाड टेकडीच्या माथ्यावर, वर जावयास पायऱ्यांखेरीज मार्ग नाही. त्यांचे हृदयाच्या वाटा चरबीने रोखिल्या आणि चढता छातीत कळ उठो लागली. मग दर वळणी थांबोन कुत्र्यांची तारीफ करावी, समुद्र न्याहाळावा, ऐसा बहाणा चालविला. कन्या हासिंता, लेकुरवाळी, नजर तीक्ष्ण. तिणे ताडिले, की धापेवाचोन कुत्र्यांवर इतुके प्रेम होत नाही. आणि बखोट धरोन त्यांस इस्पितळी दाखल केले.

तेथे सर्जनबाईंनी मसलत केली, की बंद नाकी लढवो नयेत, बगल द्यावी. मग पायाची शीर काढोन हृदयावर नव्या वाटा बांधिल्या आणि रक्ताची रसद सुरू जाहली. फर्मान सुटले, की जखम भरेतो ओझे उचलो नये, रोज चालावे, सिगारेट कायमची तोडावी. शेवटचे कलम अन्सेल्मोंस ऐकू आले नाही. सबब हासिंतेने पाकीट जप्त केले.

पुढे जखम भरली, चढाईस परवाना मिळाला आणि शनिवारी स्वारी पायथ्याहून निघाली. हासिंता लेकरू कडेवर घेवोन माथ्याच्या कठड्याशी उभी. डोळे बापाच्या उजव्या हातावर, की तो छातीकडे जातो काय. पहिले वळण सर जाहले, दुसरे जाहले, कुत्री उपेक्षित राहिली. आणि तिसऱ्या वळणी स्वारी थबकली, खाली बसली. हासिंता लेकरासह पायऱ्या उतरत धावली.

पाहते तो शेजारीण रोसाल्बाबाई दारी खुर्ची टाकोन अन्सेल्मोंची हजेरी घेत होत्या.

“पूर्वी तासभर बसायचास. ऑपरेशन झालं नि ओळख विसरलास होय?”

हासिंतेने बापाचे मनगट धरिले. “बाबा, दुखतंय का? खरं सांगा.”

“नाही गं. दम आहे म्हणून तर हिच्याशी भांडतोय. पूर्वी नुसती मान हलवायचो.”

रोसाल्बाबाईंनी खुर्ची पुढे ओढिली. “म्हणजे माझ्या सुनेची गाऱ्हाणी सांगायचे, त्यातलं तुला काहीच पटत नव्हतं?”

“काडीचंही नाही.”

मग तेथे तुंबळ लढाई माजली, आणि अन्सेल्मोंनी एका श्वासात सुनेची बाजू मांडिली. नाडी हासिंतेच्या बोटांखाली संथ चालली होती.

येणेप्रमाणे टेकडी फत्ते जाहली. मुक्काम एक, तोही तंट्यास्तव. कळ उठली नाही. उरल्या पायऱ्या हासिंता पुढे, बाप मागे, ऐसे चढले; आणि माथा येईतो तिणे एकदाही मागे वळोन पाहिले नाही, हे दप्तरी दाखल असे.