खालच्या उजव्या कोपऱ्यातला प्राणी

एका जंगलात, मुलांनो, एक लाकडी पेटारा होता. कोणी एक जुना साहेब छावणी उठवताना तो विसरून गेला होता. पेटाऱ्यात प्राण्यापक्ष्यांची जाडजूड सचित्र पुस्तकं होती आणि ती वाळवी खात होती.

दगडोबा नावाच्या वानराला याचं फार वाईट वाटे. त्याने कुठूनसा एक स्कॅनर पैदा केला आणि एकेक पान स्कॅन करून पुस्तकं सगळ्यांच्या मोबाईलवर फुकट द्यायला सुरुवात केली. फी नाही, अनामत नाही, 'शांतता राखा' अशी पाटीसुद्धा नाही.

जुनी पानं सारखी वर उचलली जायची. म्हणून दगडोबा प्रत्येक पान अंगठ्याने दाबून धरी.

"अहो, अंगठा येतोय चित्रात," त्याची बायको गोदा उंबरावरून म्हणाली.

"येऊ दे गं. वाळवीच्या पोटात जाण्यापेक्षा बरं. एवढ्याने कोणाचं काय बिघडतंय?"

मुलांनो, असं म्हणणाऱ्याचंच बिघडतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला नव्हतं.

ग्रंथालय धडाक्यात चाललं. मोराला आपलं लॅटिन नाव कळलं, तर पंधरा दिवस तो दुसऱ्या कुठल्या हाकेला ओ देईना. बेडकाने स्वतःचं चित्र अकरा जणांना पाठवलं. आणि साळिंदराने संशोधन सुरू केलं. अंगावरच लेखण्या असल्यामुळे जंगल त्याला विद्वान मानत असे. वाचायची त्याला सवय नव्हती, तो चित्रं बघायचा.

एके दिवशी भरदरबारात तो म्हणाला, "महाराज, नवा प्राणी सापडला आहे. काळा, बिनडोळ्यांचा, डोक्यावर नखासारखी टोपी. मगरीच्या पानावर आहे, गरुडाच्याही पानावर आहे. म्हणजे तो पोहतो आणि उडतोही. पण कुठल्याच पुस्तकात त्याच्याबद्दल एक ओळ नाही. लिहिणारे त्याला भीत असावेत."

वाघमहाराजांनी आपलं पान उघडलं. तो प्राणी त्यांच्या शेपटीवर बसला होता.

"आणि मी गप्प आहे," महाराज हळूच म्हणाले. "म्हणजे कोणीतरी मोठाच असणार. त्याला अभयारण्य द्या. राहतो कुठे?"

"नेहमी खालच्या उजव्या कोपऱ्यात, महाराज."

जंगलाचा नकाशा आणला. खालच्या उजव्या कोपऱ्यात दगडोबाचा उंबर होता. त्याच्या चार पिढ्या त्या झाडावर वाढल्या होत्या. दुसऱ्या सकाळी उंबराभोवती तारेचं कुंपण आलं आणि दगडोबाचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं.

तो धावत दरबारात गेला. "महाराज, तो प्राणी नाही हो. माझा अंगठा आहे." त्याने हात पुढे केला.

साळिंदराने अंगठा निरखला. "पुस्तकातला चपटा आहे. हा गोल आहे."

"दाबला की चपटा होतो."

"संदर्भ?"

"हा काय, हात."

"हात कुठे प्रसिद्ध झाला आहे?"

दगडोबाला रडूच आलं. त्याने स्कॅनर आणवला, सगळ्यांसमोर त्याच्या दिव्याखाली कोऱ्या कागदावर अंगठा दाबला आणि बटण दाबलं. पडद्यावर हुबेहूब तोच प्राणी उमटला. दरबार आदराने उठून उभा राहिला.

"जिवंत नमुना," साळिंदर गहिवरून म्हणाला.

महाराज न्यायी होते. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. अंगठ्याने उंबराखाली सुखाने राहावं. बाकीच्या वानराला अभयारण्यात प्रवेश नाही.

तेव्हापासून दगडोबा कुंपणाबाहेर बसतो आणि अंगठा तारेतून आत घालून ठेवतो. गोदा त्याला घास भरवते. शाळांच्या सहली येतात. एका हाताने स्कॅनर चालत नाही, त्यामुळे उरलेली पुस्तकं वाळवीने संपवली. नवी पुस्तकं का येत नाहीत, अशी वाचकांची तक्रार आली आहे. तिची पोच म्हणून दगडोबाचा अंगठा हवा होता, पण तो संरक्षित आहे.

तात्पर्य : ज्ञान जरूर सगळ्यांना फुकट वाटावं. वाटताना हातमोजे घालावेत.